चपला काखेत, वाट सांगलीची

...न्हाई न्हाई, पायाकडं बघू नका तुमी माझ्या. बघायचं तर तोंडाकडं बघा, ते बी काय लय बघण्यासारखं ऱ्हायलेलं न्हाई म्हणा, पण पायापरास बरं. समदी आधी पायाकडंच बघत्यात आन मग इचारत्यात, "का वं नाथाजीराव, चपला तुटल्या काय?" तुटल्या न्हाईत. दोन जोड हायत घरात, तेल पाजून ठेवल्यात, त्यातली एक जोड तर अजून पायात गेली न्हाई... आणि मी अनवाणी. आता का म्हणाल तर बसा खाली, उभ्यानं ऐकायची गोष्ट न्हाई ही. उभ्यानं केली तेवढं बास झालं.

आमची वाडी मेढ्याच्या वर, डोंगरात. वाडीच्या डोक्यावर वाघजाईची राई. राई म्हंजे नुसती झाडी न्हवं, तुमाला सांगतो, आत शिरलं की भर दुपारचं अंधारल्यागत व्हायचं, आन त्या राईच्या बुडातनं एक झरा यायचा, मनगटाएवढा, बाराही म्हैनं. बहात्तरच्या दुष्काळात खालची मोठी मोठी बागायतदार माणसं टँकरच्या वाटंकडं डोळं लावून बसल्याली, तवा आमचा झरा चालू. रंगूबाई, म्हंजे माझी बायको, पहाटं उठायची आन चूल पेटायच्या आत दोन हंडं भरून घरात. मी पलटणीत सोळा वरसं काढली, बरफात बी ऱ्हायलो आन वाळवंटात बी ऱ्हायलो, पेन्शनीत आल्यावर मला काय पायजे हुतं? त्यो झरा आन त्याच्याकडंला बसून चिमूटभर तंबाखू. एवढ्यावर मी सुखात हुतो, खोटं कशाला बोलू. आन अठ्ठ्याहत्तर सालच्या शिमग्यात कागद आला, की राई आन तिच्यामागचं समदं रान कोळशाच्या ठेकेदाराला तोडीला दिलंय म्हणून.

राई गेली की झरा गेला, हे आमच्यातल्या शेंबड्या पोराला बी ठावं. आमी कुऱ्हाडी घेऊन उठलो हुतो, सरळ ठेकेदाराच्याच अंगावर जायचं म्हणून, तेवढ्यात तात्या आलं. तात्या वाईचं, आमच्या वाडीवर सात वरसं मास्तर हुतं, रिटायर झालं तरी आमावस्येला-पुनवंला वर यायचं, राईतली झाडं मोजायचं, वहीत लिवायचं. माणूस देवमाणूस. देवमाणसाचा तरास काय असतो तो आपल्याला नंतर कळतो. तात्या म्हणालं, "नाथाजी, आरडाओरडा करून काही होत नाही. आपण चालायचं. आणि नुसतं चालायचं नाही, प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं. त्यागाशिवाय पावलाला वजन येत नाही."

आता कुटं चालायचं? तर वाडी बसली इचाराला. ज्या साहेबानं कागदावर सही केली त्यो साताऱ्याच्या कचेरीत हुता, कंची कचेरी ते जाऊ द्या, आन त्याची बदली झाली सांगलीला. विश्रामबागेत बसतो म्हणं. मग सरळच झालं की. आमच्यात काय हाय, शब्द ज्यानं दिला त्यानंच तो माघारी घ्यायचा. पाटलानं बांध घालून दिला आन उद्या पाटील लेकीकडं जाऊन ऱ्हायला, तर आपण लेकीच्या गावाला जातो का पाटलाच्या रिकाम्या ओसरीला हात जोडतो? तसंच हे. ज्यानं सही केली त्यानंच ती पुसायची. तात्या बी म्हणालं, बरोबर आहे, माणसाला माणसाने भेटावं. समद्यांनी माना हलवल्या, मी तर सगळ्यात जोरात हलवली... आता वाटतंय, ती मान तवाच का मोडली न्हाई.

दुसऱ्या दिवशी देवळात भंडारा उचलायचा ठरला. देवीम्होरं उभं ऱ्हायाचं, राई सुटस्तवर अमुक सोडलं, आन तोड थांबल्याचा कागद हातात येईस्तवर वाहनात बसणार न्हाई म्हणायचं, आन भंडारा, म्हंजे देवीची हळद, हातात घ्यायचा. एकदा घेतला की संपलं, त्यो माघारी ठेवता येत न्हाई, आमच्याकडं खून पचत्यात पण भंडारा पचत न्हाई. पयला आला लालासाहेब. आमचा भावकीतला, लय हुशार. म्हणाला, "मी वांगं सोडलं." आवं, त्याला वांग्यानं अंगावर पित्त उठतं, त्यानं धा वरसांत वांग्याकडं बघितलं न्हाई, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यानं शिनेमा सोडला, त्यानं जल्मात दोन बघितलेलं. मग माझी पाळी. मी काय ठरवलंच न्हवतं. मी उभा हुतो देवीम्होरं, पण ध्यान माझं दाराकडं, कारण बाहीर पायरीवर माझ्या नव्या चपला हुत्या, आन देवळात आपलं कुणाचं ध्यान देवावर असतं वं, खरं सांगा? एक कुत्रं हुंगत हुतं त्यास्नी. मी आपला टक लावून बघतोय, ते कुत्रं तोंडात धरतंय का काय... आन तात्यांनी माझ्या नजरंच्या मागनं बघितलं, बाहीर चपला दिसल्या, आन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "समजलो, नाथाजी," म्हणालं. "चैत्राच्या उन्हात, डांबरी रस्त्यावर... फार मोठा त्याग आहे हा." आन भंडारा माझ्या हातात. मी म्हणतोय, "तात्या, त्ये कुत्रं..." तवर ढोल वाजाय लागला.

सोमवारी निघालो आमी अठरा जण. मेढ्यातनं साताऱ्यापातूर काय वाटलं न्हाई, सावली हुती, बाया ओवाळत हुत्या. मंगळवारी सातारा. दर कचेरीम्होरं, दर दुकानाम्होरं हार. एका कचेरीच्या फाटकात तर खुद्द साहेब उभा, त्यानं माझ्या गळ्यात हार घातला, माझ्या पायाकडं बघितलं, काय तरी बोलणार असं वाटलं, पण मागनं लालासाहेबानं मला ढकललं, "हल की फुडं, ऊन व्हतंय." आमी गेलो फुडं. साताऱ्याच्या खाली मोठा रस्ता लागला आन त्याग म्हंजे काय ते मला टाचंपासनं कळाय लागलं. डांबर पाघळून चिकटायचं. पाय उचलला की कातडं म्हणायचं तू हो फुडं, मी ऱ्हातो. पलटणीत तीस मैल चाललोय मी, पण तवा सरकारचे बूट हुते, हितं सरकारच्या इरुद्ध आणि मी अनवाणी. लालासाहेब बाजूनं चाललाय, पायात जाड टायरच्या चपला, आन म्हणतोय, "नाथाजी, ह्या वांग्याची लय आठवण येती रं."

आन गावं. आपल्याकडच्या गावांचा सोभाव तुमाला ठावं हाय, पाव्हणा आला की कमान. पयल्या गावानं ऐकलं की झाडं वाचवणारी यात्रा येतीय, झालं, उत्साह आला, आठ केळी बुडातनं तोडून खांब उभं केलं, आंब्याचं डहाळं, अशोकाच्या फांद्या, आन मधी पाटी, झाडे वाचवा. तात्या त्या कमानीखाली उभं ऱ्हाऊन बोलाय लागलं, एक एक फांदी म्हणजे आपलं एक एक बोट आहे, आन वरनं एक डहाळी सुटून त्यांच्याच टोपीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गावानं पयल्या गावाचं ऐकलं, त्यानं दोन कमानी केल्या. तिसऱ्यानं तर आख्खा निलगिरीच आडवा करून आणला. मी रात्री तात्यांच्या कानात सांगितलं, "तात्या, आपण सांगलीला पोचूस्तवर सातारा जिल्हा उघडा पडंल वं." त्यांनी डोळं मिटलं, म्हणालं, "त्यांच्या भावना बघ, नाथाजी." भावना बघत हुतो की, खाली बघितलं तर पाय दिसायचं, मग वर भावनाच बघायच्या.

कराडच्या फुडं माझी सासुरवाडी. मी तात्यांना म्हटलं हुतं, तेवढं गाव बगल देऊन जाऊ. "का बरं?" म्हणालं. आता काय सांगायचं? माझं सासरं हंबीरराव, रंगूबाई त्यास्नी दादा म्हणती, उसाचं मोठं बागायतदार, आन जावयाचा मान म्हटल्यावर ते काय करत्याल ह्याचा भरवसा ब्रह्मदेवाला न्हाई. शुक्रवारी पोचलो. वेशीत कमान. अशी कमान की खालनं हत्ती जावा. बघितलं, तर ते डहाळं जांभळाचं हुतं. इहिरीवरचं जांभूळ. रंगूबाईचा पंचिमीचा झोका त्याला, लगीन होऊन आली तवापासनं मला सांगतीय, माझं जांभूळ असं, माझं जांभूळ तसं. आख्खं पाडलेलं. फांद्या कमानीला, बुंधा मटणाच्या चुलीला. आन हंबीरराव छाती फुगवून उभं. "काय जावाई? केला का न्हाई मान? आख्खं झाड तुमच्यापायी!"

मी कमानीतल्या एका डहाळीला हात लावून उभा ऱ्हायलो. त्यांना वाटलं, जावाई आनंदानं गहिवरला. मग मला पाटावर बसवलं, पाय धुतलं, आन माझं पाय बघून सासूबाई रडाय लागल्या, आन हंबीररावांनी आतनं आहेर आणला. तुमाला सांगतो... चपला. कापशीच्या, दुहेरी तळाच्या, गोंडेवाल्या, हात लावला तरी करकर वाजत्याल अशा. म्हणालं, "घाला." मी म्हटलं, "मामा, भंडारा उचललाय." म्हणालं, "माझ्या दारातनं जावाई अनवाणी गेला तर गाव तोंडात शेण घालंल माझ्या. आहेर परत करताय? म्हंजे पोरगी परत करताय काय?" इकडं देवी, तिकडं सासरा, मधी माझं पाय. तात्यांकडं बघितलं, त्ये म्हणालं, "आहेर नाकारू नये. पण वापरूही नये." मग काय करावं मी? घेतल्या काखेत. तिथनं सांगलीपातूर, तुमाला सांगतो, पायाला फोड, फोडाला फोड, टाचा उलल्याल्या, नव्या कोऱ्या चपला काखेत आणि मी अनवाणी. रस्त्यानं जाणारा जो तो थांबतोय, "आवं पाव्हणं, चपला काखेत कशापायी? घाला की." एका म्हातारीनं तर जोडी केवढ्याला दिली म्हणून इचारलं.

सोमवारी सकाळी विश्रामबाग. साहेब बाहीर आला आन तात्यांच्या पाया पडला. माणूस चांगला, त्याच्यावर माझा राग न्हाई. अर्ज घेतला, वाचला. तात्यांनी झकास लिवला हुता, वर साहेबाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, खाली वाडीच्या बासष्ट माणसांचं अंगठं. साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "तात्या, सही माझीच आहे. पण मी आता त्या खात्यात नाही. मी इथे हातपंप बघतो. ती सही मी केली नव्हती हो, खुर्चीनं केली होती. खुर्ची साताऱ्यातच आहे." मी त्याच्या बुडाखालच्या खुर्चीकडं बघितलं. साधी लाकडाची. साहेबानं मग कॅलेंडर बघितलं आन त्याचा चेहराच उतरला. "तोडीवर हरकत घ्यायची मुदत आज संपते. संध्याकाळी पाच. साताऱ्यात."

अकरा वाजलं हुतं. मी म्हटलं, "तात्या, यष्टी." तात्या म्हणालं, "नाही नाथाजी. आपण देवीला शब्द दिलाय, कागद हातात येईपर्यंत वाहनात बसायचं नाही. हा प्रश्न पायांनीच सुटला पाहिजे." मी म्हटलं, "पायांनी सुटला तर फुडच्या सोमवारी सुटंल, तात्या. आज पाचला कुऱ्हाड सुटतीय." म्हणालं, "साधन शुद्ध नसेल तर..." आता त्यांच्यापरास मी बारका, त्यांच्या हाताखाली माझी पोरं शिकल्याली, मी सोळा वरसं पलटणीत हुकूम म्हंजे हुकूम मानलेला. पण माझ्या डोळ्याम्होरं रंगूबाई दोन हंडं घेऊन उभी. मी त्यांच्या हातातनं अर्ज वडला आन पळालो. मागनं लालासाहेब वरडला, "नाथा, देवीचा कोप हुईल रं!" हुईल तर हुईल.

यष्टी मिळाली. आन काय यष्टी! दर थांब्याला थांबती, थांबा नसंल तितं डायवराच्या वळखीचं कोण तरी असतंय. कराडला डायवर च्या प्यायला उतरला. मी त्याच्यामागं उतरलो, हात जोडलं, "डायवरसाहेब, राई तोडत्यात वं, पाच वाजता." त्यो म्हणाला, "दादा, माझी बशी संपू द्या." शेजारी बसल्याली बाई माझ्या काखंकडं बघतीय, पायाकडं बघतीय, आन लेकराला जवळ वडून घेतीय. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तवा साडेचार. पळतोय, पाय फुटल्यात, फरशीवर रगताचं ठसं, करकरीत चपला काखेत आणि मी अनवाणी. कचेरीच्या दारात शिपाई. "काखेत काय आहे?" "चपला." "चपला घेऊन आत जायचं नाही, बाहेर काढून ठेवा." आवं, काढल्यातच की मी, आठ दिस झालं!

आत गेलो. टेबलामागं साहेब, बघितला तर त्योच. फाटकात हार घालणारा. त्यानं बी मला पायावरनं वळखलं, उठला, पाणी दिलं. म्हणाला, "मंगळवारी तुम्ही आमच्याकडेच येताय असं वाटलं मला. कागद टेबलावर काढून ठेवला होता हो. तुम्ही हार घेतलात आणि पुढेच गेलात." मी अर्ज दिला. त्यानं वाचला, उलटा केला, परत वाचला. "पण हा त्यांच्या नावाचा आहे. त्यांच्या वडिलांचंही नाव आहे याच्यावर. दुसऱ्याच्या नावाचा अर्ज मी कसा दाखल करून घेऊ? नवा लिहा, माझ्या कचेरीच्या नावानं. अंगठे घ्या गावाचे." पावणेपाच झालं हुतं. गाव वर डोंगरात, बासष्ट अंगठं वर डोंगरात. मी म्हटलं, "साहेब, माझं हाताचं दोन, पायाचं धरून चार हायत, लावू का?" त्यो हसला न्हाई. त्यानं पायाकडं बघितलं आन खाली मान घातली. मी एकट्याच्या नावानं लिवाय घेतलं, पण सोळा वरसं बंदूक धरल्याला हात, लेखणी काय लवकर पळंना... "वाघजाईची राई" एवढं लिवून झालं, आन शिपायानं पंखा बंद केला. पाच वाजलं.

राई तोडली. पंधरा दिवस कुऱ्हाडी चालल्या, मग कोळशाचा धूर वाडीत, कपड्यांना, भाकरीला धुराचा वास. झरा एकदम न्हाई गेला, बोटाएवढा झाला, मग करंगळीएवढा, अन् वैशाखात नुसती ओल. आन वाडी काय म्हणती ठावं हाय? साहेबाला कोण बोलत न्हाई, ठेकेदाराला कोण बोलत न्हाई, तारखेला कोण बोलत न्हाई. म्हणती, "नाथाजीनं यष्टीत पाय ठेवला, देवीचा शब्द मोडला, म्हणून झरा आटला." लालासाहेब तर देवळात हात वर करून सांगतो, "मी आजपातूर वांगं खाल्लं न्हाई." आन चपलंचं म्हणाल, तर मी भंडारा उचलला हुता राई सुटस्तवर म्हणून. राई आता सुटणार कुटनं? गेलीच. पुजाऱ्याला इचारलं, त्यो म्हणाला, देवीला शब्द तसाच हाय. म्हंजे जल्मभर. रंगूबाई मातर एका शब्दानं बोलली न्हाई मला. जांभळाचं सांगितलं तवा तेवढं इचारलं, "बुंधा तरी ठेवला का दादांनी?" मी न्हाई म्हटलं, आन ती चुलीपाशी जाऊन बसली. मला वाईट वाटतं ते तिचं. लोक काय, बोलत्यात.

परवा तात्या आलं. थकल्यात आता, पण डोळं तसंच. म्हणालं, "नाथाजी, पलीकडच्या खोऱ्यात तोड सुरू होतीय. पुन्हा चालायचं का?" मी म्हटलं, "तात्या, आमी थांबलोय कवा? रोज दोन टाइम चालतोय की. रंगूबाई फुडं, मी मागं, पलटणीतला हवालदार डोईवर हंडा घेऊन, आन पोरं हसत्यात त्ये निराळंच. पाणी दीड कोस खाली गेलंय, ते काय आता आपल्यापायी चालत वर येणार न्हाई, मग आमीच जातो." तात्या हळूच म्हणालं, "मीही येऊ का बरोबर?" मी म्हटलं या, घरात तिसरा हंडा हाय.

तर असं हाय. उठू द्या आता मला, संध्याकाळची खेप ऱ्हायलीय.